कमरेला पिस्तूल लावून फिरणारा शेजारी

तापीकाठ

नमस्कार मंडळी. गाव सांगत नाही, केळीपट्ट्यातलं तालुक्याचं ठिकाण समजा. आमची कॉलनी पंचवीसेक घरांची. शिक्षक, एलआयसीवाले, काही शेती सांभाळून गावात राहायला आलेले. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले अण्णा प्लॉटिंगचा धंदा करतात. माणूस वाईट नाही. कोविडमध्ये ऑक्सिजन सिलिंडरसाठी रात्री-बेरात्री त्यांनीच गाडी काढली होती. मागे जमिनीच्या एका व्यवहारात त्यांना धमक्या आल्या, मग त्यांनी रीतसर अर्ज करून पिस्तुलाचं लायसन काढलं. इथवर कोणाची काही तक्रार नाही.

पण ते पिस्तूल आता सगळीकडे असतं. टी-शर्ट आत खोचलेला, वर चामडी पट्टा आणि उजव्या अंगाला ते. सकाळी फिरायला जाताना, दूध आणताना, गणपतीच्या आरतीला. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलं की ते हाताला अडतं, म्हणून अण्णा बसता बसता पट्टा पुढे सरकवतात आणि ते मांडीवर येतं. समोरचा माणूस पावसापाण्याचं बोलत असला तरी त्याची नजर तिथेच.

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी. नळाचं पाणी ओढून घेणाऱ्या टुल्लू पंपांवरून दर उन्हाळ्यात कॉलनीची मीटिंग होते आणि दर उन्हाळ्यात कडाक्याचं भांडण होतं. सगळ्यात मोठा पंप अण्णांचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मागच्या मीटिंगला सेक्रेटरींनी 'अण्णा, तुम्हीच सांगा कसं करायचं' अशी सुरुवात केली आणि चहा यायच्या आत मीटिंग आटोपली. पंपाचा 'प' कोणी काढला नाही. जाताना अण्णा माझ्या मिस्टरांना म्हणाले, "या वेळी लोक समजूतदारपणे वागले."

लायसन असलं की असं उघडं लावून फिरता येतं का? तुमच्याकडे असं कोणी आहे का? आणि शेजाऱ्याने बोलायचं झालं तर काय बोलायचं? 'भीती वाटते' म्हटलं तर त्यांना लागेल, आणि खरं तर मला त्यांची भीती वाटतही नाही. पण मी त्यांच्याशी बोलताना शब्द जपून वापरायला लागलेय. त्याचा मला राग येतो.

गिरणामाय

वाचतेय. आमच्या गल्लीतही एक नमुना आहे, सावकाश लिहिते.

भो_धुळेकर

दखा ताई, मन्हा गावमा बी असा एक शे. पयले टपरीवाला त्यानाजोडे चहाना पैसा मांगे, आते कोनीच मांगत नही. आनि तो सांगस, 'गावमा मन्ही इज्जत वाढनी!'

काळाकोट

वकिली करतो, शस्त्र परवान्याची प्रकरणं अधूनमधून हातात येतात. जरा लांबेल.

शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेच आयुक्तालय नसल्याने आपल्याकडे सगळा कारभार कलेक्टर कचेरीतून. पोलीस चौकशी होते, कारण तपासलं जातं, मग परवाना मिळतो. अण्णांनी हे सगळं केलं असणार.

पण परवाना म्हणजे मिरवायची मुभा, ही समजूत चुकीची. नियम ३२ बघा. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर अंगावरच्या होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) किंवा बॅगेत, लांब बंदूक असेल तर तिच्यासाठीच्या केसमध्ये, आणि दोन्ही वेळा हत्यार पूर्ण झाकलेलं पाहिजे. शिवाय ते सतत तुमच्या ताब्यात हवं. गाडीच्या सीटवर ठेवून रसवंतीवर उतरलात, तर तेही चालत नाही. हत्यार परजून दाखवायला त्याच नियमाने बंदी आहे आणि तेवढ्यावरून परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने वेगळी शिक्षाच ठेवली: दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे ३ ऐवजी २ च हत्यारं केली आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ केली.

तेव्हा टी-शर्ट खोचून आरतीला येणं नियमात बसत नाही. लेखी तक्रार द्यायची तर पोलीस ठाण्यात किंवा थेट कलेक्टर कचेरीत देता येते. सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोका वाटला तर कलम १७ खाली परवाना निलंबित करायचा अधिकार कलेक्टरांना आहे. पण ताई, माझा सल्ला विचाराल तर आधी बोला. अर्जावर तुमची सही पडली की त्या घराशी तुमचा संबंध कायमचा बदलतो. हे मी कोर्टात रोज बघतो. बांधावरून सुरू झालेली भांडणं अर्जांमुळेच पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

शिरपूरचा_पोऱ्या

वकीलसाहेब, नियम मान्य. पण ज्याला धमकी आलीय त्याने हत्यार लपवून काय करायचं? दिसलं तरच समोरचा थांबेल ना? सीसीटीव्ही लावतो तेव्हा 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' अशी पाटीही लावतोच की. चोरून कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, ठेवणाऱ्यापेक्षा सगळ्यांदेखत लायसनचं वापरणारा बरा. आणि मीटिंगमध्ये कोणी बोललं नाही तर तो दोष न बोलणाऱ्यांचा. अण्णांनी कोणाला दम दिला का? नाही ना?

गिरणामाय

शिरपूरकर, दम द्यावा लागला नाही, तेच तर ताई सांगतायत.

फौजी_भाऊराव

फौजेतून निवृत्त आहे. आता एका बँकेत गार्ड.

शिरपूरच्या दादा, तुझा प्रश्न चुकीचा नाही, पण ज्याने धमकी दिली तो दूध डेअरीवर येत नसतो. रोज डेअरीवर येतात ते शेजारी. म्हणजे पिस्तूल बघतात ते सगळे ज्यांच्यापासून अण्णांना काही धोका नाही असे लोक. ज्याला खरंच काही करायचं असेल त्याला मात्र ते दिसल्याचा फायदाच होतो. कुठल्या बाजूला आहे, बटण लावलेलं आहे का मोकळं, माणूस डावरा का उजवा, सगळं तो लांबून बघून घेतो. गर्दीत मागून धक्का देऊन ओढायला किती वेळ लागतो? होल्स्टरवर हात ठेवून आरती करता येत नाही.

माझी दुनळी आहे, बारा बोअर. बँकेच्या दारात खांद्याला असते. पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. एक आजी नातवाला माझ्या स्टुलाजवळ बसवून आत जाते, म्हणते 'भाऊ, याच्याकडे लक्ष ठेवा.' अर्धे लोक माझ्याकडून स्लिप भरून घेतात. बंदुकीचं कोणाला काही वाटत नाही, कारण ती तिथे कशासाठी आहे ते सगळ्यांना माहीत. ड्यूटी संपली की नळी रिकामी करून, कव्हरमध्ये घालून घरी नेतो. एसटीत एकदा शेजारच्या माणसाने विचारलं, 'काय भाऊ, हार्मोनियम का?' मी 'हो' म्हटलं आणि जळगाव येईपर्यंत आम्ही भजनावर बोललो. तीच दुनळी उघडी घेऊन मी भाजीबाजारात वांगी घ्यायला गेलो, तर भरताच्या वांग्याचा भाव कोण खरा सांगेल?

दुसरं, अण्णांना हत्यार साफ करायला कोणी शिकवलंय का, ते विचारा. फौजेत पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) मारल्याशिवाय जेवण नसायचं. ज्याला हत्यार सांभाळायची सवय असते त्याला ते दाखवायची हौस नसते, असा माझा अनुभव. निवडणुकीला जमा करायच्या वेळी ठाण्यात लोकांची हत्यारं बघतो. गोळ्या भरायच्या मॅगझिनमध्ये गंज, होल्स्टर मात्र कोरं करकरीत.

ओपीडी_नंतर

डॉक्टर आहे, जनरल प्रॅक्टिस. एक पेशंट, असाच कमरेला लावून येणारा, पोटदुखी घेऊन आला. तपासायचं तर टेबलावर झोपवावं लागणार. झोपला तर पिस्तूल पाठीत रुतणार. त्याने ते काढलं आणि माझ्या बीपीच्या मशीनशेजारी ठेवलं, नळी सिस्टरच्या दिशेने. सिस्टर काही न बोलता बाहेर गेल्या आणि पेशंट जाईपर्यंत आत आल्या नाहीत. मी पोट दाबत होतो, पण लक्ष हाताखाली नव्हतं. दारू किती घेता हे मी प्रत्येकाला विचारतो. त्याला ज्या सुरात विचारलं तो सूर माझा नव्हता. तो 'कधीतरी' म्हणाला आणि मी तेच लिहून घेतलं. एरवी मी एवढ्यावर सोडत नाही.

ताईंच्या मीटिंगमध्येही हेच झालं. आता आमच्या वेटिंगमध्ये पाटी आहे, हत्यार गाडीत, सोबतच्या माणसाजवळ ठेवून यावं.

काळाकोट

डॉक्टर, पाटी बदला. परवाना एकाचा आणि हत्यार ड्रायव्हरजवळ, हे चालत नाही. 'हत्यार घेऊन येऊ नये' एवढंच लिहा.

ओपीडी_नंतर

बदलतो. धन्यवाद. (पेशंटला हे समजावणं वेगळंच प्रकरण.)

जाता जाता: हत्यार नुसतं नजरेसमोर असल्याने माणसाच्या वागण्यात फरक पडतो का, यावर अमेरिकेत १९६७ मध्ये बर्कोविट्झ आणि लपाज यांनी प्रयोग केला होता. चिडवलेल्या विद्यार्थ्यांना समोरच्याला विजेचे झटके द्यायला सांगितलं. टेबलावर बंदुका ठेवलेल्या असताना त्यांनी जास्त झटके दिले. पुढे इतरांनी तो करून पाहिला तेव्हा निकाल कुठे तसा आला, कुठे नाही, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये. त्यात प्रश्न हत्यारामुळे माणूस जास्त आक्रमक होतो का, हा होता. आपल्या धाग्यात उलटं चाललंय, आजूबाजूचे गप्प होतात. ते मोजायला तर आणखी अवघड.

डॅलसहून_अमळनेरकर

इथे हा विषय रोजचा, म्हणून लिहितो. टेक्सासमध्ये रायफल उघडी घेऊन फिरायला आधीपासून बंदी नव्हती. पिस्तूल उघडं लावायची परवानगी १ जानेवारी २०१६ पासून, तीही लायसनवाल्यांना. सप्टेंबर २०२१ पासून पात्र असलेल्या, २१ वर्षांवरच्या माणसाला त्यासाठी लायसनही लागत नाही. तरी सुपरमार्केटमध्ये कमरेला उघडं पिस्तूल लावलेला माणूस रोज दिसतो असं नाही. ज्यांच्याकडे आहे त्यातले बरेच जण झाकूनच ठेवतात. माझ्या ऑफिसातला एक जण पक्का बंदूकवाला, उघडं लावणाऱ्यांवर तोच जास्त चिडतो. 'लोकांना आमच्याबद्दल वाटतं ते यांच्यामुळे,' म्हणतो.

दुकानदारांना आपल्या दारावर मनाईची पाटी लावता येते. झाकलेल्या पिस्तुलासाठी कलम ३०.०६ ची, उघड्यासाठी कलम ३०.०७ ची. काही दुकानांवर फक्त दुसरीच असते. म्हणजे 'आणा, पण दिसू देऊ नका.' मला आधी हा ढोंगीपणा वाटायचा, आता वाटत नाही. दुकानदाराला कायद्याशी देणंघेणं नाही, गिऱ्हाईक दारातून परत जाऊ नये एवढंच त्याला हवंय.

ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, २३ माणसं गेली. त्यानंतर पाचच दिवसांनी मिझुरी राज्यात एक तरुण अंगात चिलखत घालून, रायफल लटकवून दुसऱ्या वॉलमार्टमध्ये शिरला. आपला हक्क दुकान मानतं का, हे म्हणे त्याला तपासायचं होतं. लोक जीव घेऊन पळाले. त्याने एकही गोळी झाडली नाही. सप्टेंबरमध्ये वॉलमार्टने गिऱ्हाइकांना विनंती केली की कायदा परवानगी देत असला तरी दुकानात उघडी हत्यारं आणू नका.

शिरपूरकर, तुमचं 'सगळ्यांदेखत बरं' इथेच अडतं. बघणाऱ्याला तुमचा हेतू दिसत नाही, हत्यार तेवढं दिसतं.

आणि हातात कोण आहे त्यावरही सगळं ठरतं. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे लोक बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. तोवर तिथे भरलेली बंदूक उघड घेऊन फिरणं कायदेशीर होतं. त्याच वर्षी ते बंद करणारा मलफर्ड कायदा झाला, त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन.

सातपुडा_पायथा

शेवटच्या मुद्द्याला जोडून. आपल्याकडचा १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. एतद्देशीयाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला सूट. त्याच्या वीस वर्षं आधी आमच्या सातपुड्यात भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांनी कंपनी सरकारला जेरीस आणलं होतं, अंबापाणीची लढाई १८५८ ची. हत्याराला लोक घाबरतात की हत्यार धरणाऱ्याला, हे गोऱ्या साहेबाला पक्कं ठाऊक होतं.

उलट उदाहरणही आहे. कर्नाटकातल्या कोडवा समाजाला इंग्रजांच्या काळातल्या सवलतीपासून आजही परवान्यातून सूट आहे, २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. कैलपोद सणाला तिथे घरोघर बंदुकीची पूजा होते आणि शेजारी दचकत नाही. आमच्याकडे काठी गावच्या होळीला या. अक्कलकुव्याच्या डोंगरात रात्रभर ढोल चालतो, माणसं तीरकामठे घेऊन येतात. शहरातून बघायला आलेले त्यांच्याबरोबर फोटो काढतात. त्याच माणसाने तोच कामठा घेऊन नंदुरबारच्या स्टँडवर उतरावं, दहा मिनिटांत पोलीस येतील. म्हणून सरसकट 'हत्यार दिसलं की भीती' हे मला पटत नाही. जिथे सगळ्या गावाचा त्यामागे रिवाज आहे तिथे भीती नाही. अण्णांच्या पिस्तुलामागे फक्त अण्णा आहेत.

यावल_एक्स्प्रेस

विषय निघालाच आहे तर खरं बोलू. खान्देशात पिस्तूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लायसन येतच नाही, गावठी कट्टा येतो. चोपड्याच्या वर नदी ओलांडली की मध्य प्रदेश, तिकडच्या उमर्टी गावाचं नाव कट्ट्यांसाठी पेपरात किती वेळा येतं सांगायला नको. 'स्थानिक गुन्हे शाखेची कारवाई, गावठी कट्टा व जिवंत काडतुसासह एकास अटक', ही बातमी तर आमच्या पेपरात राशिभविष्यासारखी ठरलेली. पोरगं कट्ट्याबरोबर स्टेटस ठेवतं, पोलीस स्टेटस बघूनच दारात येतात. विनापरवाना बाळगलं तर २ ते ५ वर्षं, जामिनासाठी आईबापाची फरफट वेगळी.

रस्त्यावरच्या माणसाला चार फुटांवरून कसं कळणार की हे लायसनचं आहे आणि ते कट्टा? अण्णांच्या कपाळावर परवाना छापलेला नाही. आमच्या गल्लीत एकाने लायसनचं लावायला सुरुवात केली, तर दोन महिन्यांत तीन पोरं पिस्तुलासारखा लायटर पॅन्टीत खोचून फिरायला लागली. आता सांगा, रात्री अकराला कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पोराकडे लायटर आहे की दुसरं काही, हे गस्तीवरच्या हवालदाराने कसं ओळखायचं?

संपादक

यानंतरचा एक प्रतिसाद काढला आहे. गुन्हा करणाऱ्याबद्दल लिहा, अख्ख्या समाजाचं नाव घेऊन नको.

शिरपूरचा_पोऱ्या

लायटरचा मुद्दा मान्य. माझ्या मावसभावाकडेही आहे, घरी सांगतो त्याच्या. बाकी मतावर ठाम आहे: अण्णांना धमकी खरी आली असेल तर त्यांच्या जागी बसून विचार करा. रात्री गेटबाहेर मोटारसायकल थांबली की काय वाटत असेल.

तापीकाठ

शिरपूरकर, तेही बरोबर आहे. वहिनी मला म्हणाल्या होत्या की ते दिवस त्यांनी झोपेविना काढले. म्हणून तर तक्रार करायला हात धजत नाही.

फौजीकाका, तुम्ही निवडणुकीला जमा करायचं लिहिलंत आणि एक गोष्ट लक्षात आली. नगरपालिकेच्या आचारसंहितेत अण्णांनी पिस्तूल ठाण्यात जमा केलं होतं. तेवढ्या दिवसांत समोरच्या निवृत्त गुरुजींचं आणि त्यांचं डंपरवरून वाजलं. डंपर गुरुजींच्या फाटकासमोर लावलेला. गुरुजी लुंगीवर बाहेर आले आणि 'तुझ्या बापाचा रस्ता आहे का' इथपासून सुरुवात. अण्णाही काही कमी नाहीत. अर्धा तास सगळी कॉलनी गच्चीवर. संध्याकाळी डंपर हलला आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींकडून अण्णांकडे कळण्याच्या भाकरी आणि ठेचा गेला. निकाल लागला, पिस्तूल परत आलं. डंपर पुन्हा तिथेच उभा असतो. गुरुजी आता सायकल वळसा घालून काढतात, आणि भाकरीही जात नाहीत.

अण्णांना वाटतं गुरुजी निवळले.

ओपीडी_नंतर

ताई, हे गुरुजींनीच अण्णांना सांगायला हवं. कायदा वगैरे काही नाही, एवढंच: 'तू हे लावतोस म्हणून मी भांडत नाही, आणि भांडत नाही म्हणून बोलतही नाही.'

फौजी_भाऊराव

गुरुजी एकटे नकोत. गुरुजी आणि अण्णांच्या वयाचा एखादा मित्र. अण्णांच्या ओट्यावर, सकाळी. चारचौघांत नको. चारचौघांत सांगितलं की माणूस हट्टाला पेटतो. नियम ३२ शेवटी काढा, तोही 'पोलिसांनी पाहिलं तर तुमचंच लायसन जाईल' असा, त्यांच्या काळजीने.

केळीवाला_रावेर

मी नुसता वाचत होतो, पण आता लिहितोच. आमच्या घरी एकनळी आहे, आजोबांच्या वेळची ठासणीची होती ती गेली, ही वडिलांची. पीक संरक्षणाचं लायसन. डुकरं केळीची रोपं मुळासकट उपटतात, बागेत सकाळी गेलं की नांगरल्यासारखं दिसतं. बंदूक आहे म्हणून डुकराला गोळी घालता येते असं नाही, त्याला वनखात्याची परवानगी लागते. आम्ही वर बार काढतो, आवाजाने कळप दोन दिवस फिरकत नाही. आता तर पाइपची कार्बाइड गन त्याहून जास्त आवाज करते, हात भाजायची, डोळ्याला इजा व्हायची भीती तेवढी.

बंदूक घेऊन मी आजवर गावातून गेलो, कोणी वळून पाहिलं नाही. उलट बिबट्याची हवा सुटली की, चाळीसगावकडे २०१७ ला त्याने माणसं मारली त्या हिवाळ्यात तर फारच, रात्रीचं पाणी भरायला जाणारे शेजारी माझ्या ओट्यावर येऊन बसायचे, 'नाना, चला सोबत.' बंदूक माझी, पण शिवारातल्या सगळ्यांची असल्यासारखी.

हल्ली फरक पडलाय. गावात बाहेरचे लोक राहायला आले, कॉलेजची पोरं भाड्याने. परवा संध्याकाळी शेतातून येताना एका मुलीने स्कूटी थांबवली आणि मागे वळवून नेली. मला फार वाईट वाटलं. तिला काय माहीत डुक्कर आणि नाना. वकीलसाहेबांचा नियम वाचून कळलं की खांद्यावर उघडी नेणं तसंही चुकतंय. शहाद्याहून कव्हर मागवलंय.

दुसरं असं, माझी सत्तरी झाली. मुलगा पुण्याला, कंपनीत. त्याला म्हटलं लायसन तुझ्या नावावर करून घे. सूनबाई म्हणाली, 'बाबा, घरात लहान लेकरू आहे, आम्हाला नको.' मी काही बोललो नाही. वकीलसाहेब, अशा वेळी काय करतात?

काळाकोट

नाना, परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर वारसाच्या नावे करायची सोय २०१६ च्या नियमांत आहे. पण वारसाला हवं असलं तर. त्याचीही पोलीस चौकशी होईल, सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागेल. नको असेल तर दोन वाटा: परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला रीतसर विकायची, किंवा पोलीस ठाण्यात जमा करून परवाना परत करायचा. शेजाऱ्याला 'ठेव तुझ्याकडे' म्हणून द्यायची नाही, भाऊबंदाला तर अजिबात नाही. परवान्याची मुदत संपायच्या आत काय ते करा. एकदा मुदत गेली की घरातली बंदूक विनापरवाना ठरते.

केळीवाला_रावेर

विकत नाही. जमाच करतो. डुकरांसाठी कार्बाइड आहेच.

तापीकाठ

आमच्याकडचं सांगून टाकते. गुरुजी आणि अण्णांचे एक जुने वर्गमित्र, दोघं जाऊन बोलले. अण्णा आधी तडकले, "मग काय चोरासारखं लपवू? लायसन आहे माझ्याकडे." मग नियमाचं ऐकून गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून टी-शर्ट बाहेर. पिस्तूल आहेच, झाकलेलं. पण परवा भाजीच्या गाडीवर गुरुजी त्यांना डंपरवरून चार शब्द बोलले आणि अण्णांनी ऐकून घेतले. डंपर अजून तिथेच आहे. टुल्लूचं मी नगरपालिकेत बोलणार आहे, त्याचा पिस्तुलाशी काही संबंध नाही.

भो_धुळेकर

ताई, डंपर हालना का सांगज्यात.

केळीवाला_रावेर

फौजी भाऊ, सोमवारी ठाण्यात जातोय. बंदूक साफ करून न्यावी लागते का तशीच चालते?

फौजी_भाऊराव

साफ करूनच न्या, नाना. नळीतून आधी कोरडी चिंधी, मग तेलाची, मग पुन्हा कोरडी. नळी खाली वाकवून उघडा, रिकामी आहे हे दोनदा बघून कव्हरमध्ये घाला. काडतुसं वेगळ्या पिशवीत. परवान्याचं पुस्तक, आधारची झेरॉक्स बरोबर ठेवा. पावतीवर बंदुकीचा नंबर ते लिहितील, तो तुमच्या पुस्तकातल्या नंबराशी ताडून बघितल्याशिवाय सही करू नका. जुन्या बंदुकांचे नंबर घासलेले असतात, तीनचा आठ सहज वाचला जातो.